शितावरून भात कळतो, मग अख्खं पातेलं कशाला चिवडताय?

३०२ वजा १७८ किती? माझ्या वर्गातल्या एका पोराने उत्तर लिहिलं २७६. जरा थांबून बघा हे कसं आलं ते, गंमत आहे त्यात. दोनातून आठ जात नाहीत, मग याने आठातून दोन घालवले, सहा. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य, सात. तीनातून एक गेला, दोन. म्हणजे पोराला वजाबाकी येत नाही असं अजिबात नाही, छोटी वजाबाकी चोख येते, फक्त मोठ्यातून लहान घालवायचं हा नियम त्याने प्रत्येक घरात लावला आणि शेजारच्या घराकडून उसनं आणायचं असतं ही भानगड त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्यातून मधे शून्य बसलेला, म्हणजे शेजाऱ्याकडेच काही नाही. मग मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, असे दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा मोठा गठ्ठा केला आणि त्याला तो स्वतःच्या हाताने सोडायला लावला. रबर तुटलं, काड्या सांडल्या, दोन दिवस त्यातच गेले, तिसऱ्या दिवशी जमलं.

हे मला कळलं ते फळ्यावर लिहिलेल्या पाच गणितांच्या चाचणीतून. पंधरा मिनिटांची, माझीच, कुणी सांगितलेली नाही. आता हेच गणित जर वरून आलेल्या छापील पेपरात असतं तर काय झालं असतं, तर त्या प्रश्नापुढे शून्य पडला असता, तो शून्य मी मोबाईलमधून वर पाठवला असता आणि विषय संपला असता. शून्य वर जातो हो, पण २७६ जात नाही. आणि शिकवणाऱ्या माणसाच्या कामाचं जे काही आहे ते सगळं त्या २७६ मधे आहे.

मी झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते, पहिली ते चौथी, त्यातली तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. प्राथमिकच्या पोरांच्या परीक्षा जास्त होतात की कमी यावर सगळीकडे बोललं जातं, आणि बोलणारे बरोबर दोन गटात पडतात. एक गट म्हणतो आमच्यावेळी परीक्षा होत्या म्हणून आम्ही घडलो, आताची पोरं ढकलपास. दुसरा म्हणतो कोवळ्या जीवांना कशाला परीक्षा, खेळू द्या. मला दोन्हीकडचं पटत नाही. मी स्वतः आठवड्याला दोन-तीन छोट्या चाचण्या घेते आणि कुणी बंद कर म्हटलं तर भांडेन. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या परीक्षेचा पेपर तपासून चार-आठ दिवसात त्याच पोराच्या हातात परत येत नाही आणि ज्याच्यामुळे उद्याच्या तासाला मी काहीतरी वेगळं करत नाही, ती परीक्षा पोरासाठी नाहीच. ती माहिती गोळा करण्यासाठी आहे. माहिती गोळा करा की, पण त्यासाठी राज्यातलं एकूण एक पोर वर्षात तीन-तीनदा बसवायची गरज नाही. शितावरून भाताची परीक्षा आपल्या आज्यांना कळत होती.

आधी एक गैरसमज काढून टाकते कारण प्रत्येक लग्नात कुणीतरी काका मला पकडून हेच सांगतात, की "आठवीपर्यंत परीक्षाच काढून टाकल्या सरकारने". कुठे काढल्या? २००९ चा शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १६ मधे होतं की आठवीपर्यंत पोराला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, आणि कलम ३० मधे होतं की तोवर बोर्डाची परीक्षा नाही. परीक्षा घेऊ नका असं कुठेच नव्हतं. उलट सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करा असं होतं, आणि आपल्याकडे त्याचा जीआर २० ऑगस्ट २०१० ला निघाला. पहिली-दुसरीला ७० टक्के आकारिक आणि ३० टक्के संकलित, तिसरी-चौथीला ६०-४०, असं करत सातवी-आठवीला उलटं ४०-६०. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं सगळं, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. कागदावर वाचलं तर खरंच डोळ्यात पाणी यावं इतकं शहाणं आहे ते. माझी काड्यांच्या गठ्ठ्याची गोष्ट म्हणजे आकारिक मूल्यमापनच आहे, वेगळं काही नाही.

मग झालं काय, तर नोंदी झाल्या. प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असं आलं आणि वर्षभरात नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागल्या. 'कविता योग्य आरोह-अवरोहासह म्हणतो.' 'परिसर स्वच्छतेबाबत जागरूक आहे.' 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होते.' मुलगा असेल तर होतो, मुलगी असेल तर होते, एवढाच बदल करायचा, आणि घाईत तो पण राहून जातो, माझ्याच जुन्या रजिस्टरमधे एक मुलगी दोन वर्षं 'नियमित गृहपाठ करतो' आहे. तपासणीला येणारे रजिस्टर भरलंय का ते बघायचे, पोराला कविता म्हणायला कुणी लावायचं नाही. शहाण्या गोष्टीचं आपण कागदात लोणचं घालतो आणि ते कुणी खात पण नाही.

मग २०१५ चा जून आला, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर, आणि त्यातून पायाभूत चाचणी, म्हणजे पोराचा भाषा-गणिताचा पाया कुठवर आलाय ते बघणारी, वरून आलेली चाचणी. इथे मी खरं तेच सांगणार, तेव्हा मला धक्का बसला होता आणि तो चांगला होता. चौथीची पोरं साधा उतारा वाचताना अडखळतात हे मला आतून माहीत होतं पण मी ते स्वतःशी बोलत नव्हते, 'घरी कुणी लक्ष देत नाही' म्हणून सोडून देत होते. चाचणीने ते कागदावर मांडलं. आमच्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, त्या वर्षी खरंच काम झालं, एकमेकांच्या शाळा बघायला गेलो, जमिनीवर तक्ते रंगवले, काड्या-मणी-नोटा काढल्या. जे म्हणतात की वरून चाचणी आल्याशिवाय झेडपीचे मास्तर हलत नाहीत, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही, मी स्वतः हललेय.

पण पहिला धक्का तो धक्का. पुढच्या वर्षी तोच धक्का आला तेव्हा सगळ्यांना माहीत होतं की आकडा वाढलेला दिसला पाहिजे, शाळा प्रगत झाली पाहिजे. मग वाढला आकडा. कसा वाढला ते सांगते, कारण मी पण त्यात आहे. पेपर चालू असताना मी वर्गात फिरत होते आणि एका मुलीच्या बाकाशी थांबून नुसतं म्हटलं, "परत एकदा बघ हं हे." तिने बघितलं. मी बोट पण ठेवलं नव्हतं, पण कुठलं गणित ते आम्हा दोघींना कळलं. पुढच्या बाकावर जरा जास्त बोलले. चोरी वगैरे मोठा शब्द नको, पण जी चाचणी मीच घ्यायची, मीच तपासायची, मीच मार्क भरायचे आणि त्या मार्कांवरून मलाच मीटिंगमधे उभं करायचं, तिचा आकडा सत्यवचनी राहील असं समजणारा माणूस कधी वर्गात उभा राहिलेला नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २००२ च्या जानेवारीत कायदा झाला, तिसरी ते आठवीच्या प्रत्येक पोराची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी, आणि निकालावरून शाळेला शाबासकी नाहीतर कारवाई. इयत्ता बघा हं, तिसरी ते आठवी. पुढे अटलांटा शहरात काय निघालं तर शिक्षक आणि मुख्याध्यापक बसून पोरांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होते, २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ जणांची नावं आली, २०१५ मधे ११ जणांना कोर्टाने दोषी ठरवलं. तो जुना कायदा २०१५ च्या शेवटी गेला, नवा आला, पण दरवर्षीची चाचणी काही गेली नाही, ती एकदा घरात आली की पाहुण्यासारखी जात नाही. आपल्याकडे एक बरंय, आपल्याला खोडरबर पण लागत नाही.

आता आपल्याकडे आहे पॅट, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. वर्ल्ड बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पातून २०२३-२४ पासून सुरू झाली, आणि सुरुवात झाली ती तिसरी ते आठवीलाच. भाषा, गणित, इंग्रजी. वर्षातून तीनदा, एक पायाभूत आणि दोन संकलित. पेपर राज्यातून छापून येतो, लेखी वेगळं, तोंडी वेगळं, मार्क मोबाईलमधल्या चॅटबॉटवर भरायचे. पेपर एकदा पोरांच्या संख्येपेक्षा कमी आले, फोन केला तर झेरॉक्स काढून घ्या म्हणाले, झेरॉक्सचं दुकान सात किलोमीटरवर आणि लाईट गेलेली. पॅटचे पेपर यूट्यूबवर आल्याच्या बातम्या तर तुम्ही पण वाचल्या असतील. एक गोष्ट मला कळत नाही, जिच्यात कुणी नापास होत नाही अशा तिसरीच्या चाचणीचा पेपर सुद्धा कुणालातरी फोडावासा वाटतो, म्हणजे आपण पोरांच्या आजूबाजूला नेमकं कसलं वातावरण करून ठेवलंय.

हिशोब करू. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस, ८०० तास शिकवणं व्हायला पाहिजे. पॅटचे तीन विषय तीन दिवस म्हटले तरी तीनदा मिळून नऊ दिवस. दोन सत्रांच्या उरलेल्या विषयांचे पेपर वेगळे. तोंडीला एकेक पोर समोर घ्यायचं, तेव्हा बाकीची बावीस पोरं काय करतात ते विचारू नका, चित्र काढा म्हटलं की पाच मिनिटं शांतता असते. मधे निपुणची, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेची चाचणी, आकारिकच्या नोंदी, कधी अचानक कुठलंतरी सर्वेक्षण. मग तपासणं, मग बॉटवर भरणं, नेट गेलं की परत भरणं. आणि माझ्यासारख्या शाळेत तिसरी-चौथीचा पेपर असला की पहिली-दुसरीचं पण शिकवणं थांबतं, कारण मुख्याध्यापक सर तालुक्याला मीटिंगला असतात आणि चारही वर्ग माझ्या अंगावर. माझ्या शाळेपुरतं बोलते, दोनशेतला एक महिना तरी असा जातो. एक महिन्यात मी भागाकार संपवते.

२०२५ च्या एप्रिलमधे तर पहिली ते नववीचं राज्यभर एकच टाइमटेबल आलं, ८ ते २५ एप्रिल, आणि निकाल १ मेला. पुण्या-नाशिकच्या माणसाला वाटेल यात काय, सकाळचीच तर शाळा. माझी एक मैत्रीण चंद्रपूरकडे आहे, तिला विचारा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी अकराला पत्र्याच्या वर्गात काय असतं. शेवटचा पेपर २५ ला आणि निकाल १ ला, म्हणजे पेपर कसे तपासले गेले असतील हे सांगायला ज्योतिषी नको.

अजून एक पोरगा सांगायचा राहिला. जुलैच्या चाचणीला असतो, दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, पार कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, आणि परत येतो ते पाडव्याच्या आसपास. त्याच्या नावापुढे मधल्या चाचणीला गैरहजर. एप्रिलला त्याला बसवलं तर त्याने पानं उलटून बघितली आणि पेन्सिलीने हळूच ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीसकट, टायरच्या नक्षीसकट. त्याला काय येत नाही हे कळायला मला चाचणी नको होती. त्याला माझे ते चार महिने पाहिजे होते, आणि तो परत आल्यावर शिकवायला जो एप्रिल उरतो तो पण आम्ही परीक्षेत घालवला.

यावर समोरून प्रश्न येतो आणि तो रास्त आहे, की मग सरकारला कसं कळणार पोरं शिकतायत की नाही? आपला पैसा आहे, कळायला तर पाहिजेच. उत्तर पातेल्यात आहे. भात शिजला का बघायला आपण प्रत्येक शीत दाबत नाही, दोन-चार शितं काढतो, वरची-मधली-खालची. आसर, म्हणजे प्रथम या संस्थेचं गावोगावचं शिक्षणाचं सर्वेक्षण, हेच करतं, २००५ पासून. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं, झाली ६०० घरं, घरात जाऊन पोराला समोर बसवून एक उतारा वाचायला द्यायचा, एक वजाबाकी, एक भागाकार. २०२४ ला त्यांनी देशातले ६०५ ग्रामीण जिल्हे केले, साडेसहा लाखांच्या आसपास पोरं. त्यावरून सगळ्या देशाला कळलं की सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पोरांपैकी फक्त २३.४ टक्के दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचतात, आणि हेही कळलं की २०२२ ला हा आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा आहे. यात शाळेचं नाव नाही, मास्तरचं नाव नाही, म्हणून कुणाला "परत एकदा बघ हं" म्हणायचा मोह नाही, आणि म्हणूनच त्या आकड्यावर विश्वास बसतो. केंद्र सरकारचं परख सर्वेक्षण पण असंच, ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी, नववीची मिळून देशभरातली एकवीस लाखांवर पोरं, एका दिवसात काम खल्लास. तीन-चार वर्षांतून एकदा असं काहीतरी होतं आणि देशाचं भागतं. मग महाराष्ट्राचं वर्षातून तीनदा, प्रत्येक पोर बसवल्याशिवाय का भागत नाही?

कुणी म्हणेल, नमुन्यावरून जिल्हा कळेल पण अमुक गावची शाळा बिघडलीय हे कसं कळणार. त्यासाठी केंद्रप्रमुख नावाचं पद आहे हो. त्यांनी सकाळी येऊन वर्गात मागे एक तास बसावं, कुठल्याही पाच पोरांना जवळ घेऊन पुस्तकाचं कुठलंही पान वाचायला लावावं. एका तासात शाळेची कुंडली कळते. पण त्यांनाही माहिती गोळा करण्यातच इतकं बांधून टाकलंय की शाळेत आले तरी खुर्चीत बसून विचारतात, "म्याडम, बॉटवर तुमची शाळा अजून पेंडिंग दिसतेय." पेंडिंग.

आता खाजगी शाळांकडे वळते, नाहीतर वाटेल दुखणं फक्त झेडपीचं. माझा भाचा तालुक्याच्या गावात इंग्लिश मीडियमला, दुसरीत. त्याला वरून कसली पॅट-बिट नाही, पण युनिट टेस्ट, सेमिस्टर, दर शनिवारी क्लास टेस्ट, आणि दोन ऑलिम्पियाड, ज्यांची फी वेगळी आणि मेडल बहुतेक सगळ्यांना. माझी बहीण रात्री साडेनऊला ग्रुपवर विचारत असते, "ईव्हीएसचा पोर्शन कुठपर्यंत आहे?" आणि निकालाच्या दिवशी मला फोन करून सांगते, "ताई, आम्हाला मॅथ्समधे वीसपैकी अठरा मिळाले." आम्हाला! मी विचारलं दोन कुठे गेले, तर म्हणाली "सिली मिस्टेक". मी म्हटलं पेपर दाखव, तर पेपर शाळेतच ठेवून घेतात, ओपन डेला दहा मिनिटं बघायला मिळतो. म्हणजे बघा, झेडपी असो की फाइव्ह स्टार शाळा, पेपर पोराला मिळत नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

आणि यात पालकांचा मोठा हात आहे, रागवा हवं तर. शाळा टेस्ट कमी करते म्हटली की "मग फी कशाची घेता" म्हणणारे आपणच. मार्क हा एकच भाव आपल्याला वाचता येतो, पोराच्या वहीतली चूक वाचायला वेळ नाही. माझ्या शाळेतले पालक, ज्यातल्या कित्येकांचं शिक्षण अर्धवट सुटलं, त्यांनी तर परीक्षेला फारच मोठं करून ठेवलंय, आणि त्यांचं चुकत पण नाही, त्यांनी ऐकलंय की पूर्वी जुनी सातवी, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मास्तर व्हायचा, एका परीक्षेने घर वर यायचं. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की परीक्षेत काय ठेवलंय?

म्हणून स्कॉलरशिपबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. मी चौथीत असताना बसले होते, मिळाली होती, आमच्या घरात त्या वेळी पेढे आले होते हे मी अजून सांगते. ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आलीय, पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली, आता २०२५-२६ पासून परत चौथी-सातवीला आणलीय. ती निवडीची परीक्षा आहे, निवडीचं काम करते, तिने पोराला काय येत नाही हे सांगावं अशी अपेक्षा पण नाही. दीड तासात ७५ प्रश्न, असे दोन पेपर. नऊ-दहा वर्षांचं पोर, एका प्रश्नाला सव्वा मिनिट पण नाही. बसू द्या ज्यांना बसायचंय त्यांना. माझी तक्रार परीक्षेशी नाही, तिच्यासाठी वर्गात जे होतं त्याच्याशी आहे, जूनमधेच 'स्कॉलरशिपची मुलं' म्हणून सहा पोरं वेगळी निघतात, सकाळचा जादा तास त्यांचा, नवे सराव संच त्यांचे, गुरुजींचा उत्साह त्यांचा, आणि निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतो ज्यात पोरांचे फोटो बोटाएवढे आणि नेत्यांचे हाताएवढे. उरलेली पोरं फ्लेक्समधे नसतात. ती २७६ वाली पोरं असतात, एक-दोन दिवस काड्या सोडायला मिळाल्या असत्या तर पुढे गेली असती.

पाचवी-आठवीला नापास करण्याचं २०२३-२४ पासून परत आलंय, ३५ टक्के पाहिजेत, नाही पडले तर पुनर्परीक्षा, तेही नाही तर त्याच वर्गात. त्यावर फार बोलत नाही, वेगळा विषय आहे, फक्त एवढंच की पाचवीत ज्याला वाचता येत नाही त्याचं ते अडणं पाचवीत सुरू झालेलं नसतं, त्याला दुसरीपासूनच येत नसतं, आणि दुसरीच्या त्याच्या मास्तरणीला तेव्हाच माहीत होतं. तीन वर्षं थांबून मग पोराच्या नावावर शिक्का मारायचा, हा न्याय मला काही झेपत नाही.

मला विचाराल तर पॅट राज्यात चालू ठेवा, पण दर जिल्ह्यातल्या चिठ्ठी टाकून काढलेल्या थोड्या शाळांत, दोन वर्षांतून एकदा, बाहेरच्या माणसाने येऊन घ्यायची आणि शाळेचं नाव जाहीर करायचं नाही. बाकीच्या शाळांना प्रश्न पाठवा, पेपर नको. चांगल्या प्रश्नांची पेढी करा, मला वजाबाकीचे दहा बनेल प्रश्न द्या ज्यात पोर कुठे घसरतं ते कळेल, आणि शेजारी लिहा की २७६ आलं तर काय समजायचं, १३४ आलं तर काय समजायचं. पॅटमधले काही प्रश्न खरंच सुंदर असतात, मी ते नंतर वर्गात वापरते, बनवणाऱ्यांनी मेहनत घेतलेली दिसते. ती मेहनत माझ्या वर्गात उतरू द्या, बॉटमधे नको. मार्क भरायला लावू नका, म्हणजे मला खोटं बोलायचं कारणच राहणार नाही. आणि तपासायचंच असेल तर मला येऊन विचारा, की तुमच्या वर्गातलं कोण कुठे अडलंय ते न बघता सांगा. ज्या बाईला तेवीस पोरांचं सांगता येणार नाही तिला खुशाल नोटीस द्या.

तपासलेले पेपर रेकॉर्ड म्हणून जपून ठेवा, तपासणीला लागतील, असं आम्हाला तोंडी सांगितलेलं आहे. कपाटात आधीच्या वर्षांचे गठ्ठे आहेत, एकाला वाळवी लागलीय. पोरं विचारायची, "म्याडम, आमचे पेपर कधी देणार?" यंदाचे मी वाटून टाकले. वाटायच्या आधी प्रत्येकाच्या एका चुकीला गोल केला आणि ती कशी झाली ते त्यानेच शेजारच्याला सांगायचं असं ठरवलं, तर दोन तास नुसता गोंधळ, मागच्या बाकावर तर भांडण लागलं की सात वजा शून्य सातच का. आता कुणी तपासणीला आलं आणि पेपर मागितले तर गावात फिरवीन त्यांना, एकीच्या घरी पेपर देव्हाऱ्याशेजारी टाचलाय, एकाच्या बापाने घडी करून पाकिटात ठेवलाय आणि एकीच्या घरी त्याचं धाकट्या भावाच्या वहीला कव्हर झालंय.